मुंबई ते न्यूयॉर्क: विमानाचे अंतर आणि प्रवासाचा वेळ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मुलाकडे किंवा लेकीकडे निघालेले आईवडील असोत, शिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी असोत की कंपनीच्या कामासाठी जाणारे नोकरदार, मुंबईहून न्यूयॉर्कचे तिकीट काढताना अंतर किती आणि वेळ किती लागतो हे दोन प्रश्न सर्वांनाच पडतात. पहिल्या प्रश्नाला एकच उत्तर आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र वाऱ्यावर, ऋतूवर आणि त्या दिवशी कोणत्या देशाचे आकाश खुले आहे यावर अवलंबून असते, त्यामुळे नातेवाइकांपैकी प्रत्येकजण वेगळा आकडा सांगतो आणि बहुधा प्रत्येकाचा आकडा आपापल्या जागी बरोबरच असतो.

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर नेमके किती आहे?

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ यांच्यातले कमीत कमी अंतर सुमारे १२,५५० किलोमीटर आहे. हेच अंतर मैलांत सुमारे ७,८०० आणि वैमानिक वापरतात त्या सागरी मैलांत सुमारे ६,७७५ भरते. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर आणि नेहमीचा मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर. हे दोन मैल एकच समजल्यामुळे पुष्कळ गोंधळ होतो, कारण ६,७७५ हा आकडा कुठे तरी वाचून त्याला साध्या मैलाच्या हिशेबाने गुणले की अंतर सुमारे साडेसोळाशे किलोमीटरने कमी निघते.

वेगवेगळ्या ठिकाणी दिलेल्या आकड्यांत दहा-वीस किलोमीटरचा फरक आढळला तर त्याकडे दुर्लक्ष करावे. पृथ्वी अचूक गोल मानून हिशेब केला तर एक आकडा येतो आणि तिचा ध्रुवांकडचा चपटेपणा लक्षात घेतला तर थोडा वेगळा. शेजारच्या न्यू जर्सीतील न्यूअर्क विमानतळ मुंबईपासून केनेडीपेक्षा जेमतेम पंधरा किलोमीटर लांब आहे.

अमेरिका पश्चिमेला असताना विमान उत्तरेला रशियाकडे का जाते?

या प्रश्नाचे उत्तर कागदावरच्या नकाशात सापडत नाही, कारण तो नकाशाच या शंकेचे मूळ आहे. घरात पृथ्वीगोल असेल तर त्यावर शिवणाच्या दोऱ्याचे एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबून धरावे, दुसरे टोक न्यूयॉर्कवर ठेवावे आणि दोरा ताणावा. सैल असताना तो अरबस्तान आणि आफ्रिकेवर लोंबकळतो, पण ताण देताच सरकत सरकत वर चढतो आणि युरोपच्या उत्तर टोकाला जाऊन बसतो. ताणलेल्या दोऱ्याची ही वाट म्हणजे गोलावरचे सर्वांत कमी अंतर. भूगोलाच्या पुस्तकात तिला बृहद्‌वृत्ताचा कंस म्हणतात.

मुंबई ते न्यूयॉर्क या दोऱ्याखाली कोणती गावे येतात ते पाहण्यासारखे आहे. मुंबई सोडल्यावर तो सौराष्ट्रावरून सिंधमध्ये शिरतो, कंदहारजवळून अफगाणिस्तान ओलांडतो, तुर्कमेनिस्तान आणि पश्चिम कझाकस्तान मागे टाकून जवळजवळ थेट मॉस्कोवरून जातो आणि पुढे हेलसिंकी व नॉर्वेमधील ट्रॉन्डहाइम यांच्या आसपासून समुद्रावर येतो. सर्वांत उत्तरेचा बिंदू फॅरो बेटांच्या वरच्या समुद्रात, ६५ अंश अक्षांशाला लागून असतो. तिथून दोरा खाली वळतो आणि आइसलँड, ग्रीनलँडचे दक्षिण टोक, कॅनडातील लॅब्राडोर आणि अमेरिकेतील मेन राज्य या क्रमाने न्यूयॉर्कला उतरतो.

भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली तर ती सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया आणि मोरोक्को यांवरून अटलांटिक महासागरात जाते. दिसायला सरळ असलेली ही वाट प्रत्यक्षात सुमारे १४,२०० किलोमीटरची, म्हणजे दोऱ्याच्या वाटेपेक्षा साडेसोळाशे किलोमीटरनी लांब आहे. तेवढ्यासाठी विमानाला जवळपास दोन तास जास्त लागतील.

न थांबता जाणाऱ्या विमानाला किती तास लागतात?

मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना ढोबळमानाने पंधरा ते साडेसोळा तास आणि परतताना साधारण चौदा ते पंधरा तास लागतात. यापेक्षा कमी-जास्त वेळ लागल्याची उदाहरणेही आहेत, परंतु बेत आखण्यासाठी हे आकडे पुरेसे आहेत.

हा आकडा कसा येतो ते समजून घेतले तर पुढचे बरेच प्रश्न सुटतात. बोइंग ७७७ सारखे मोठे विमान वरच्या थरात ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने उडते. १२,५५० ला ९०० ने भागले की चौदा तासांना थोडे कमी, असे उत्तर येते. यात चढण आणि उतरण यांच्या वेळचा कमी वेग, समोरून येणारा वारा, मार्गातले वळसे आणि दोन्ही विमानतळांवर धावपट्टीपर्यंत सरपटत जाण्याचा वेळ मिळवावा लागतो. तिकिटावर छापलेला वेळ हा विमान गेट सोडते तिथपासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा असतो. चाके जमिनीवरून उचलल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचा वेळ त्याहून कमी असतो. केनेडीवर संध्याकाळच्या गर्दीत रांगेतली विमाने एकामागून एक इतकी सावकाश पुढे सरकतात की अर्धा-पाऊण तास उलटून गेला तरी खिडकीतून विमानतळच दिसत असतो. विमान कंपन्या हा उशीर आधीच धरून वेळापत्रक बांधतात, आणि म्हणूनच उशिरा सुटलेले विमान कधी कधी ‘वेळेवर’ पोहोचते.

जाताना जास्त वेळ आणि येताना कमी, असे का?

याचे कारण वारा. समशीतोष्ण पट्ट्यात साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिशय वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. त्यांचा वेग ताशी शंभर-दीडशे किलोमीटर असणे नेहमीचे आहे आणि हिवाळ्यात तो दोनशेच्याही वर जातो. प्रवासी विमानेही नेमकी याच उंचीवरून उडतात. विमान हवेच्या संदर्भात ताशी ९०० किलोमीटर जात असेल आणि पाठीमागून १५० चा वारा असेल तर जमिनीच्या संदर्भात त्याचा वेग १,०५० होतो. तोच वारा समोरून आला तर वेग ७५० वर येतो. सीटसमोरच्या पडद्यावर ‘ग्राउंड स्पीड’ म्हणून जो आकडा बदलत असतो, तो हाच.

जाताना वैमानिक हा प्रवाह शक्य तितका चुकवतात आणि येताना त्यातच शिरून त्याची मदत घेतात. उत्तर अटलांटिकवर तर यासाठी रोज वाऱ्याचा अंदाज पाहून समांतर हवाई मार्ग नव्याने आखले जातात, एकदा पश्चिमेकडे जाणाऱ्या आणि एकदा पूर्वेकडे येणाऱ्या विमानांसाठी. त्यामुळे सोमवारी ग्रीनलँडच्या टोकावरून गेलेले विमान मंगळवारी पाच-सातशे किलोमीटर दक्षिणेकडून गेले तर त्यात वावगे काही नाही. नकाशावरची सर्वांत लहान वाट आणि घड्याळावरची सर्वांत लहान वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इंधनाचे पैसे भरणारी कंपनी दुसरीच निवडते.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्यामुळे न्यूयॉर्क आपल्याकडे ‘सरकत’ येऊन वेळ वाचायला नको का?

नको, कारण पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते आणि विमान त्या वातावरणातच उडते. धावत्या रेल्वेच्या डब्यात उडी मारणारा माणूस मागच्या डब्यात जाऊन पडत नाही, त्यातलाच हा प्रकार. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम होतो तो आडवाटेने: जेट स्ट्रीमला पूर्वेकडे वळण देण्यात त्या फिरण्याचा हात असतो.

काही देशांचे आकाश बंद असले तर वेळ किती वाढतो?

हा प्रश्न पूर्वी क्वचित विचारला जात असे. आता तिकीट काढण्यापूर्वीच विचारला जातो, आणि ते योग्यच आहे.

दोऱ्याची वाट पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि रशिया यांवरून जाते हे वर आलेच आहे. या तिन्ही देशांचे आकाश गेल्या काही वर्षांत केव्हा ना केव्हा अडचणीचे ठरले. बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानने फेब्रुवारी २०१९ अखेर आपली हवाई हद्द बंद केली आणि १६ जुलै २०१९ रोजी ती पुन्हा खुली केली. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडल्यावर अफगाणिस्तानवरून जाणे विमान कंपन्यांनी टाळायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर युरोपीय देशांनी आणि पाठोपाठ अमेरिकेने रशियन विमानांना मज्जाव केला. रशियानेही त्यांच्या कंपन्यांना तेच उत्तर दिले. भारतीय कंपन्यांवर मात्र रशियाने अशी बंदी घातली नाही. पुढे २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपले आकाश बंद केले आणि त्या बंदीची मुदत नंतर महिन्यामहिन्याने वाढवत नेली. जून २०२५ मध्ये इराण आणि इस्रायल यांच्यातल्या संघर्षामुळे पश्चिमेची वाटही काही दिवस विस्कळीत झाली.

या बाबतीत मुंबई दिल्लीपेक्षा सुदैवी आहे. दिल्लीच्या विमानाला पाकिस्तान टाळायचा असेल तर आधी गुजरातच्या दिशेने खाली उतरून मग पश्चिमेला वळावे लागते, तर मुंबईच्या विमानासमोर थेट अरबी समुद्र असतो. समजा, मुंबईचे विमान पाकिस्तान टाळून दुबईवरून वळले, तर मुंबई ते दुबई सुमारे १,९३० आणि दुबई ते न्यूयॉर्क सुमारे ११,००० मिळून १२,९५० च्या आत-बाहेर किलोमीटर होतात. म्हणजे वळसा फक्त चारशे किलोमीटरचा, वेळ अर्ध्या तासाच्या आसपास. खरा खोळंबा होतो तो त्याच्याही पुढे इराण, इराक किंवा रशिया यांपैकी आणखी एखादे आकाश टाळावे लागते तेव्हा. म्हणून प्रवासाच्या आठवड्यात कंपनीच्या संकेतस्थळावर उड्डाणाची वेळ पुन्हा एकदा पाहावी. सहा महिन्यांपूर्वी काढलेल्या तिकिटावरची वेळ तीच राहिली असेल असे गृहीत धरू नये.

दोन्हीकडच्या घड्याळांत फरक किती, आणि पोहोचण्याची तारीख कशी काढावी?

न्यूयॉर्क भारताच्या मागे आहे: हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. आपण घड्याळाला हात लावत नाही, म्हणून फरक बदलतो. वरचा अर्धा तास आपल्याकडचा आहे, कारण भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे.

उदाहरणार्थ, जानेवारीत सोमवारी पहाटे २ वाजता मुंबईहून सुटलेले विमान साडेपंधरा तास उडाले तर भारतात सोमवारी संध्याकाळचे ५.३० वाजलेले असतील आणि न्यूयॉर्कला सोमवारचेच सकाळचे ७. म्हणजे घड्याळाकडे पाहिले तर प्रवास पाच तासांचा झाला! परतताना मात्र ही उधारी फेडावी लागते. जानेवारीत सोमवारी दुपारी १२ वाजता न्यूयॉर्कहून निघालेले आणि साडेचौदा तास उडालेले विमान मुंबईत मंगळवारी दुपारी १ वाजता उतरते.

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची स्थानिक वेळ असते. ती जशी छापली आहे तशीच घ्यावी, त्यात काही मिळवू किंवा वजा करू नये. हे सांगण्याचा अधिकार मला एका चुकीने मिळाला आहे. मावशी निघाली तो दिवस नेमका मार्चचा दुसरा रविवार होता. मी पुण्यात बसून, तिकीट न पाहता, नेहमीच्या सवयीने साडेदहा तास वजा केले आणि बहिणीला विमान सकाळी सातला उतरणार असे ठामपणे कळवले. तिच्याकडची घड्याळे त्याच रात्री पुढे गेली होती. ती बिचारी लेकराला घेऊन तासभर आधीच विमानतळावर उभी, आणि मावशी अजून कॅनडावर.

तारखेचा आणखी एक प्रश्न वडीलधारी मंडळी हमखास विचारतात, तो संकष्टीच्या उपासाचा. चंद्रोदय हा जागेनुसार बदलतो, त्यामुळे न्यूयॉर्कला उतरल्यावर मुंबईच्या दिनदर्शिकेतली वेळ उपयोगाची नाही. तिथल्या चंद्रोदयाची वेळ पाहावी लागते.

हिवाळ्यातल्या प्रवासात सकाळ लवकर होतच नाही. तो भास असतो का?

भास नाही. विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने फिरतो, पण ६० अंश अक्षांशावर तो वेग निम्मा, म्हणजे सुमारे ८३५ किलोमीटर होतो. तिथे ताशी ९०० किलोमीटरने पश्चिमेला जाणारे विमान सूर्योदयाच्या पुढे पळत असते, आणि मागून येणारी पहाट त्याला गाठू शकत नाही.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबईत संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पहाटे दोनचे विमान धरून तुम्ही न्यूयॉर्कला सकाळी सातला उतरलात तर तिथे सूर्योदय व्हायला अजून पंधरा मिनिटे असतात, आणि त्या क्षणी मुंबईत पुन्हा संध्याकाळ होत आलेली असते. म्हणजे सूर्य मावळताना पाहिल्यापासून तो पुन्हा दिसेपर्यंत जवळजवळ चोवीस तासांची एक अखंड रात्र. जूनमध्ये याच्या उलट घडते: हेच विमान रशियावर येईपर्यंत उजाडलेले असते आणि पुढे न्यूयॉर्कपर्यंत उजेडच राहतो.

‘नॉन-स्टॉप’ आणि ‘डायरेक्ट’ यांत फरक आहे का?

आहे. नॉन-स्टॉप विमान वाटेत कुठेही उतरत नाही. डायरेक्ट म्हणून विकलेले विमान एकाच क्रमांकाने जात असले तरी मध्ये एखाद्या ठिकाणी थांबू शकते. मराठीत आपण दोन्हींना ‘थेट’ म्हणून मोकळे होतो, म्हणून तिकीट काढताना थांबे शून्य आहेत ना, एवढे शब्दशः विचारावे.

मध्ये एक थांबा घेतला तर अंतर आणि वेळ किती वाढतात?

अंतर आश्चर्य वाटावे इतके कमी वाढते. लंडनमार्गे गेल्यास मुंबई ते हीथ्रो सुमारे ७,२०० आणि तिथून केनेडी सुमारे ५,५५० मिळून १२,७५० किलोमीटर होतात, म्हणजे थेट वाटेपेक्षा दोनशेच जास्त. दुबईमार्गे चारशेच्या आसपास जास्त, हे वर आलेच. दिल्लीमार्गे साधारण १२,९०० होतात. नागपूरकरांनी तर मुंबईचा आग्रह धरण्याचे कारणच नाही: नागपूर ते मुंबई ६८० आणि पुढे १२,५५० असा १३,२३० किलोमीटरचा प्रवास करण्यापेक्षा नागपूर ते दिल्ली ८५५ आणि दिल्ली ते न्यूयॉर्क ११,७५५ हा १२,६१० किलोमीटरचा प्रवास सहाशे किलोमीटरनी कमी भरतो. पश्चिमेच्या प्रवासासाठी आधी आणखी उत्तरेला जाणे फायद्याचे ठरते, याचे कारण पुन्हा तोच दोरा.

वेळ मात्र बराच वाढतो, आणि तो हवेत नव्हे तर जमिनीवर वाढतो. दोन तासांचा थांबा छान वाटतो, पण पहिले विमान चाळीस मिनिटे उशिरा आले आणि दुसऱ्या विमानाचे गेट दुसऱ्या टर्मिनलवर निघाले की त्या दोन तासांत पुन्हा सुरक्षातपासणी करून धावतपळत पोहोचावे लागते. माझ्या मते ज्येष्ठांसाठी तीन ते चार तासांचा थांबा योग्य. त्याहून मोठा थांबा स्वस्त तिकिटाच्या मोहाने घेतला जातो आणि विमानतळावरच्या खुर्चीत रात्र काढावी लागते. दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर असणे फार महत्त्वाचे आहे, कारण तसे असेल तरच पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकल्यास पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीकडे राहते.

अबूधाबीचा थांबा एका कारणाने वेगळा आहे. तिथे २०१४ पासून अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी विमानात चढण्यापूर्वीच होते आणि न्यूयॉर्कला उतरल्यावर प्रवासी देशांतर्गत विमानातून आल्यासारखा बाहेर पडतो. रांगेचा वेळ वाचत नाही, फक्त तो अलीकडे येतो. त्यामुळे अबूधाबीतला थांबा आखडता ठेवू नये.

विमान एवढा वेळ न थांबता कसे उडू शकते?

या मार्गावर बोइंग ७७७ च्या लांब पल्ल्याच्या आवृत्त्या वापरात आल्या आहेत. त्यांपैकी ७७७-२०० एलआर या विमानाचा पल्ला सुमारे १५,८४० किलोमीटर आहे, आणि याच प्रकारच्या विमानाने नोव्हेंबर २००५ मध्ये हाँगकाँगहून उलट्या दिशेने, पॅसिफिक आणि अमेरिका ओलांडून, लंडनपर्यंत २१,६०२ किलोमीटर न थांबता उडून विक्रम केला होता. ७७७-३०० ईआरचा पल्ला सुमारे १३,६५० किलोमीटर आहे, म्हणजे मुंबई-न्यूयॉर्कला तो पुरतो, पण समोरचा वारा आणि वळसे यांसाठी फारशी शिल्लक उरत नाही.

इंधन तासाला ढोबळमानाने सात-आठ टन जळते. पंधरा तासांसाठी आणि राखीव म्हणून एकशेवीस टनांच्या आसपास इंधन घेऊन निघावे लागते. ७७७-३०० ईआरचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन ३५१ टन असते, त्यातला तिसरा हिस्सा केवळ इंधनाचा झाला. त्यामुळे सुरुवातीला विमान जड असते आणि खालच्या उंचीवर राहते, इंधन जळेल तसे हलके होऊन टप्प्याटप्प्याने वर चढते. मध्यरात्रीनंतर कधी तरी इंजिनांचा आवाज थोडा वाढून विमान किंचित वर उचलल्यासारखे वाटते, ते यामुळे. काळजीचे कारण नसते.

वैमानिक साधारणपणे चार असतात आणि पाळीपाळीने विश्रांती घेतात. त्यांच्यासाठी आणि इतर कर्मचाऱ्यांसाठी प्रवाशांच्या डोक्यावरच्या भागात, छताआड झोपायच्या जागा असतात.

हे जगातले सर्वांत लांबचे उड्डाण आहे का?

नाही. सिंगापूर ते न्यूयॉर्क हे सुमारे १५,३५० किलोमीटरचे नॉन-स्टॉप उड्डाण त्याहून बरेच लांब आहे आणि त्याला अठरा तासांहून जास्त वेळ लागतो. भारतातूनही बंगळूर ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर सुमारे १४,००० किलोमीटर भरते. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली सर्व महिला वैमानिकांनी एअर इंडियाचे विमान सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला आणले होते, ते याच मार्गावर.

तिकीट केनेडीचे घ्यावे की न्यूअर्कचे? आणि मुंबईचा कोणता विमानतळ?

आकाशातून पाहिले तर केनेडी आणि न्यूअर्क यांत केवळ ३३ किलोमीटर अंतर आहे. मध्ये मात्र मॅनहॅटन, दोन-तीन पूल किंवा बोगदे आणि त्यांवरची वाहतूक आहे, त्यामुळे गर्दीच्या वेळी एकाकडून दुसऱ्याकडे जायला दोन तासही अपुरे पडतात. एडिसन, जर्सी सिटी आणि त्या परिसरात, म्हणजे मराठी मंडळी मोठ्या संख्येने राहतात त्या न्यू जर्सीत जायचे असेल तर न्यूअर्क सोयीचा. क्वीन्स किंवा लाँग आयलंडला जायचे असेल तर केनेडी. न्यायला येणाऱ्याला विमानतळाचे नाव लिहून कळवावे. ‘न्यूयॉर्कचे विमान’ एवढ्यावर विसंबून भलत्या विमानतळावर जाऊन उभे राहिलेले जावई कमी नाहीत.

मुंबईतही आता हीच काळजी घ्यायला हवी. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. दिल्लीमार्गे किंवा अन्य शहरामार्गे जाणाऱ्यांचे पहिले विमान तिथून असू शकते. तिकिटावर बीओएम ही अक्षरे असतील तर सांताक्रूझ-अंधेरीचा जुना विमानतळ, एनएमआय असतील तर नवी मुंबई.

एवढ्या लांबच्या प्रवासात ज्येष्ठांनी कोणती काळजी घ्यावी?

विमानातली हवा दाबाखाली असली तरी ती समुद्रसपाटीसारखी नसते. साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असावी तशी ती विरळ असते. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर आहे, म्हणजे तुम्ही पंधरा तास त्याच्याहून वर बसून असता. हवा कोरडीही असते. पाणी पीत राहावे आणि दर दोन तासांनी उठून चार पावले चालावे. हृदयाचा किंवा श्वसनाचा विकार असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन किंवा ठरलेल्या वेळी घ्यायच्या गोळ्या असतील तर वेळ बदलताना मात्रा कशी घ्यायची हेही डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावे. औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत, सामानात देऊ नयेत.

झोपेचे चक्र नव्या जागेशी दिवसाला साधारण एक तास या गतीने जुळते. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्या वेळांत नऊ-दहा तासांचे अंतर असल्यामुळे पहिला आठवडा आईवडील पहाटे तीनला उठून चहा करतात, यात त्यांचा दोष नाही.

पुण्यातल्या घरातून न्यू जर्सीतल्या घरापर्यंत एकूण किती वेळ धरावा?

पहाटे दोनच्या विमानासाठी रात्री अकरापर्यंत विमानतळावर पोहोचायला हवे. द्रुतगती मार्गावर घाटात किंवा पुढे शहरात अडकण्याची शक्यता धरून पुण्याहून संध्याकाळी सहाला, फार तर साडेसहाला निघावे. तिथून विमान सुटेपर्यंत आठ तास गेले. उड्डाणाचे साडेपंधरा. केनेडीवर इमिग्रेशनची रांग आणि सामान मिळून दीड ते दोन तास, आणि तिथून एडिसनपर्यंत सकाळच्या गर्दीत आणखी दीड-दोन तास. बेरीज सत्तावीस तासांच्या आसपास होते, त्यातले जवळजवळ बारा तास जमिनीवरचे. न्यूयॉर्कहून पुढे दुसऱ्या शहराचे विमान धरायचे असेल तर सामान तिथेच ताब्यात घेऊन कस्टममधून बाहेर काढावे लागते आणि पुन्हा जमा करावे लागते, त्यासाठी मध्ये किमान तीन तास ठेवावेत. गोव्याहून निघणाऱ्यांनी आपले विमान मोपाचे आहे की दाबोळीचे ते पाहूनच घरातून किती वाजता निघायचे ते ठरवावे, कारण तिथेही विमानतळ दोन आहेत आणि दक्षिण गोव्यातून मोपा गाठायला दीड-दोन तास सहज लागतात.